लख्ख गिझर

सुट्टी असूनही बायको प्रयोगशाळेत गेली, तेवढ्यात नवऱ्यानं प्लंबर बोलावून गिझर आतून खरवडून घेतला. अर्धी बादली तांबूस गाळ निघाला. तो मोरीत ओतून, वर दोन तांबे पाणी टाकून, स्वारी शाबासकीची वाट बघत बसली.

बायको आली ती रिकामी बाटली घेऊन थेट न्हाणीघरात.

"गिझरला काय केलंस?"

"साफ केला! बघ, कसा लख्ख झालाय."

ती पालथ्या बादलीवर मटकन बसली. "अरे, माझे जंतू होते त्यात!"

"तुझे? तू सोडलेस?"

"सोडतेय कशाला! कढत पाण्यात आपोआप होतात. त्यांच्यावरच तर माझं काम चाललंय. आधीचा नमुना संपला, आज नवा नेणार होते. सोमवारी वाढलेले जंतू दिसले नाहीत तर साहेब काम गुंडाळायला लावणार आहेत."

"आणि त्या पाण्यानं मी रोज आंघोळ करतोय?" नवऱ्याचा हात आपोआप मानेवर गेला.

"त्यांना तुझ्यात काडीचा रस नाही. त्यांच्या हिशेबी तू गारठलेला आहेस."

मग नाक पुसत तिनं सांगितलं. पेशीत प्रथिनं बनताना कच्चा माल वाहून आणणारे बारीक हमाल असतात, टीआरएनए नावाचे. एवढ्या उष्णतेत आपले हमाल उसवून जातील. हे जंतू स्वतःच्या हमालांना जागोजागी रसायनाचे टाके घालतात. एके ठिकाणी तर ऑक्सिजनचा अणू काढून गंधकाचा बसवतात. उष्णता वाढली की टाकेही वाढवतात.

एवढं शिवणकाम आपण मोरीत ओतलं, हे कळून नवऱ्याला घाम फुटला. बाटली उचलून तो वरच्या मजल्यावर धावला. तिथल्या काकूंचा गिझर दिवसभर चालू असे. पण काकू म्हणजे पाहुणा गेला की दारावरची बेलसुद्धा पुसणाऱ्या.

"काकू, तुमच्या गिझरमधला थोडा गाळ मिळेल?"

"माझ्या घरात? गाळ?" काकूंचा आवाज जिना उतरून तळमजल्यावर गेला. "ये आत! ये! स्वतःच्या डोळ्यांनी बघ!"

त्यांनी तरातरा जाऊन गिझर बंद केला, खाली बादली लावली आणि तळाची तोटी सोडली. भसकन तांबडं, वाफाळतं पाणी आलं.

"अहाहा!" नवरा म्हणाला.

काकू भिंतीला टेकल्या. "कुणाला सांगशील तर याद राख."

प्रयोगशाळेत जंतू वाढून सोमवारी बाटलीतलं पाणी छान गढूळ झालं. साहेबांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून मान डोलावली आणि काम वाचलं. बायको आभार मानायला वर गेली, तर काकू दार किलकिलं करूनच बोलल्या.

"एक सांग. इतक्या कढत पाण्यात साधे जंतू राहतात?"

"छे! मरतात. हेच तेवढे टिकतात."

काकूंनी दार जरा उघडलं. "हेच तेवढे?"

दुसऱ्या दिवशी नवरा भाजी घेऊन येत होता. जिन्यात काकू दोन शेजारणींना सांगत होत्या, "आमच्याकडे साधेसुधे जंतू टिकतच नाहीत, बाई. जे आहेत ते प्रयोगशाळेनं मागून नेलेत."

शेजारणींनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. "आणि तुमच्याकडे आहेत का हो?"

नवऱ्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नाहीत," तो खाली बघत म्हणाला. "आमचा गिझर स्वच्छ आहे."

"अरेरे," दोघी एकदम म्हणाल्या.