आत्याचं भांडं आणि निळा मुकुट

जुन्या भांड्यांची पारख असावी तर माझ्यासारखी! आत्या गेल्यावर तिच्या स्वयंपाकघरातली चिनी मातीची दोन भांडी आम्हा बहीणभावंडांकडे आली. ताईने तोंड उघडायच्या आत मी झाकणाचं पांढरंशुभ्र भांडं उचललं. त्याच्या बुडाला चक्क निळा मुकुट छापलेला होता! ताईला उरलं ते तपकिरी, खडबडीत वाडगं. सुकलेल्या बटाट्यासारखं!

"राजघराण्यातलं आहे," मी बायकोला म्हणालो. "पारखीबाई येतायत किंमत सांगायला."

"मग आधी घासा तरी! बुडाला तेलाचा थर चढलाय."

मी घासलं. सोडा, लिंबू, तारेची घासणी, सगळं वापरलं! थर निघाला. पाठोपाठ मुकुटही निघाला!

बाई यायला दहा मिनिटं होती. मी मुलीचं निळं पेन घेतलं आणि नवा मुकुट काढला. जरा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा झाला, पण राजेलोकांच्या आवडीनिवडी कुणी पाहिल्यात!

पारखीबाईंनी भांडं उलटं केलं. बुडावरून बोट फिरवलं. बोट निळं!

"शिक्का ओला आहे," त्या म्हणाल्या.

"हवा दमट आहे हो!"

बायकोला खोकल्याची उबळ आली.

"अहो, खरा शिक्का चकाकीच्या थराखाली असतो. जन्मभर घासा, जात नाही. इथे आधी काय होतं?"

मी सगळं कबूल केलं.

"म्हणजे तोही कुणीतरी वरून चिकटवलेला. भांडं साधंच आहे." माझं तोंड बघून त्यांना दया आली असावी. "झाकण मात्र छान बसतं हं!"

इतक्यात ताई आली, वाडग्यासकट. "पीठ मळत होते, तशीच आले. हेही बघता का?"

बाईंनी पिठाचा गोळा ताटलीत काढला, वाडगं उलटं केलं आणि एकदम ताठ बसल्या. बुडाला, माती ओली असतानाच कोरलेली कुंभाराची खूण होती! "शंभर वर्षांपूर्वीचं, हाताने घडवलेलं! याच्या किमतीत नवं स्वयंपाकघर होईल. यात पीठ मळता?"

"उत्तम मळलं जातं," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अरे, आत्या दोघांची होती. विकलं तर निम्मं तुझं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नको गं ताई, ते तुझंच," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो!

"नक्की?" तिने पुन्हा विचारलं.

आता सांगा, मोठ्या बहिणीला दोन-दोनदा नाही म्हणणं बरं दिसतं का?