पुढच्या सीटवर बोलणारा बसेल

आमच्या शेजारचे रामनाथअण्णा भाजी घ्यायला गेले की तोंड उघडत नसत. मेथीकडे बोट दाखवून अंगठा वर केला, म्हणजे जुडी उचल. तळहात हळूहळू खाली आणला, म्हणजे भाव उतरव. आणि पंजा समोर धरला की बस्स, थांब. भाजीवाली नवी असली तर बिचारी त्यांना मुका समजून दोन मिरच्या जास्त टाकायची. त्या मिरच्या अण्णा निमूट घ्यायचे.

याला कारण त्यांची नोकरी. सातपूरच्या एका कारखान्यात अण्णा क्रेन चालवायचे. वर छताखालच्या केबिनमध्ये ते एकटे आणि खाली मशिनांचा खडखडाट. कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून सगळा कारभार हाताच्या खुणांनी. तीच सवय घरी आली. ताटावर पंजा धरला की पोळी पुरे. लतावहिनी चिडायच्या. "मी काय तुमचा फोरमन हाय का? तोंडानं सांगा," म्हणायच्या आणि अण्णा 'पुरे' म्हणेपर्यंत वाढतच राहायच्या. स्वतः मात्र त्यांनी कधी एकही खूण केली नाही.

मग कारखान्याने माणसं कमी केली, त्यात अण्णाही गेले. काही दिवस ते ओट्यावर नुसते बसून असत. त्यांच्याकडे बघवत नसे. शेवटी हातात आलेल्या पैशांतून त्यांनी रिक्षा घेतली आणि द्वारका ते देवळाली कॅम्प शेअरने फिरवू लागले. आणि काय सांगू, आमच्या या मौनीबाबाला कंठ फुटला.

मी कॅम्पातल्या शाळेत मास्तर, त्यामुळे त्यांचं रोजचं गिऱ्हाईक. अण्णांचा एकच नियम होता, ड्रायव्हरशेजारी बोलणाराच बसेल. गप्प राहणाऱ्याला नाशिकरोडला उतरवून मागे बसवत. सुट्टीवर निघालेल्या जवानाला आईची तब्येत विचारायची, वणीहून देवीचं दर्शन घेऊन आलेल्या म्हातारीला गडावर गर्दी किती होती ते विचारायचं, आणि कुणी नवखा भेटलाच तर आज डब्यात काय आहे, इथून सुरुवात. दिवसभर पोरांपुढे घसा फोडून आलेला मी परतताना डोळे मिटायला बघायचो. "मास्तर, झोपायचं तर मागं जा. पुढं लय मागणी हाय," असा दम मिळायचा. घरी मात्र ताटावर पंजा तसाच.

रिक्षावर भागत होतं, पण जेमतेमच. अशात अंबडच्या एका कंपनीतला सुपरवायझर, अण्णांच्या जुन्या ओळखीचा, त्यांना शोधत आला. क्रेनला अनुभवी माणूस हवा होता. पक्का पगार, फंड, सगळं. धाकटीचं कॉलेज तोंडावर आलेलं, त्यामुळे वहिनींना देवच पावल्यासारखं झालं. अण्णा जाऊन क्रेन चालवून आले. हात जराही विसरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर होकार घ्यायला घरी आला. वहिनींनी शिरा केला होता आणि मलाही बोलावलं होतं.

अण्णा म्हणाले, "नाय जमणार."

सुपरवायझरला वाटलं, पगार कमी पडतोय. त्याने थोडा वाढवूनही सांगितला. वहिनींचा चेहरा पडला. "अहो, कारण तरी सांगा," त्या म्हणाल्या. "तोंडानं सांगा."

अण्णा शिऱ्याच्या बशीकडे बघत बोलू लागले. "थोरली झाली तवा मी वर होतो. फोरमननं खालून पाळणा हलवल्यासारखे हात केले, मग वेणी दाखवली. मला समजलं, मुलगी झाली. बदली माणूस नव्हता, खाली येता येईना. एवढा आनंद झालेला, पण सांगू कुणाला? शेवटी समोरच्या हुकाला सांगितलं. मला मुलगी झाली रे, म्हणलं. शिफ्ट संपेस्तोवर त्यालाच सांगत बसलो. काल पुन्हा वर गेलो, तर समोर तसाच हूक लटकत होता."

इतक्या वर्षांत वहिनींनाही हे ठाऊक नव्हतं. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्याच राहिल्या.

सुपरवायझर भला माणूस होता, पण चिकाटी सोडेना. "वहिनी, तुम्हीच समजवा यांना. शेवटी पक्का पगार म्हणजे..."

वहिनींनी डोळे पुसले. मग उजवा हात उचलला आणि पंजा सरळ त्याच्यासमोर धरला, अगदी अण्णा धरायचे तसा.