दोरी आईच्या हातात

लाइनमनच्या आईने कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी खुंटीवरून सोडवली आणि तिचं एक टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं, तेव्हा यातून पुढे काही निघेल असं घरात कुणालाच वाटलं नाही. सुनेने फक्त एवढंच विचारलं, की आता ओल्या चादरी कुठे टाकायच्या.

झालं होतं असं, की वीज कंपनीच्या तारा ज्या माळावरून जात, तिथे रस्ता नावाची गोष्ट नव्हती. दगड, खड्डे, मधे ओढा आणि पलीकडे चढ. आजवर लाइनमन तिथे पायी फिरला. पण माणूस पन्नाशीकडे झुकला, पोट पुढे आलं, गुडघे बोलू लागले. मग कंपनीने एक एटीव्ही घेतली. चार जाडजूड चाकं, मोटारसायकलीसारखं हँडल, पुढे दोन डोळे वटारलेले दिवे. पहिल्याच दिवशी कचेरीत तिचं बारसं झालं आणि सगळे तिला टोणगा म्हणू लागले. हुकूम असा निघाला, की जो परीक्षा पास होईल त्याला टोणगा आणि माळ मिळेल; जो होणार नाही त्याने आत तक्रार खिडकीत बसायचं.

खिडकीत बसायला लाइनमनची ना नव्हती. खिडकीत आधीपासून त्याचा साडू बसलेला होता, ही खरी अडचण होती.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आणि तक्रार विभागाचा प्रमुख. छत्री कशी उघडावी हेही तो समोरच्याला समजावून सांगायचा, आणि समजलं नाही असं गृहीत धरून पुन्हा सांगायचा. चार नातेवाइकांत तो ओळख करून द्यायचा, "आमचे साडूभाऊ खांबावर असतात." ऐकणाऱ्याला वाटावं, कावळ्याबद्दल बोलतोय. अशा माणसाच्या हाताखाली निवृत्तीपर्यंत बसायचं, या नुसत्या विचाराने लाइनमनच्या घशाखाली घास उतरेना.

सरावासाठी टोणगा आठवडाभर घरी आला. शिकवणाऱ्या बाई स्वतः घेऊन आल्या. गळ्यात शिट्टी, पायात घोट्यापर्यंतचे बूट, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं माणूसही उगाच ताठ बसावं. घरामागच्या मोकळ्या मैदानात त्यांनी सगळं समजावलं. हेल्मेट, हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा घातल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. डांबरी रस्त्यावर न्यायची नाही, ही चाकं मातीसाठी आहेत. रोज सकाळी हवा बघायची, तेल बघायचं, साखळी बघायची, हँडलवरचे दोन्ही दांडे दाबून बघायचे. उजव्या अंगठ्याखालची पट्टी दाबली की गाडी पळते, सोडली की मंदावते.

लाइनमन मान हलवत होता. आई मात्र ऐकत होती.

"मी मागे बसते," ती म्हणाली.

"आजी, या गाडीवर दुसरं माणूस घ्यायचं नाही," बाई म्हणाल्या. "चालवणाऱ्याला अंग हलवायला जागा लागते. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरकायचं. मागे कुणी बसलं की तोल जातो आणि गाडी उलटते."

"म्हणजे हा एकटाच उलटणार."

"कुणी उलटणार नाही. आणि समजा पडलेच, तर त्यासाठी ही दोरी आहे." बाईंनी हँडलपासून निघणारी एक वेटोळेदार लाल दोरी दाखवली. एक टोक हँडलवरच्या खटक्यात, दुसरं चालवणाऱ्याच्या डाव्या मनगटाला. माणूस पडला की दोरी ओढली जाते, खटका निघतो, इंजिन जागच्या जागी बंद.

आईने थोडा विचार केला. "आधी हा पडणार, मग गाडी थांबणार?"

"हो."

"मग उलट नको का व्हायला?"

बाईंनी आजवर कितीतरी माणसं शिकवून तयार केली होती, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी शिट्टी उगाच पुसली, हळू चालवा म्हणून बजावलं आणि निघून गेल्या.

आईचा हिशेब सरळ होता. पडणाऱ्याच्या हातात दोरी देऊन काय उपयोग? त्याला पडल्यावर कळणार. दोरी अशा माणसाच्या हातात हवी, ज्याला हा पडणार हे आधी दिसतं. आणि तिला ते लाइनमन वर्षाचा असल्यापासून दिसत होतं.

तर दुसऱ्या दिवशी लाल दोरीला नायलॉनची दोरी बांधली गेली आणि दुसरं टोक मनगटाला गुंडाळून आई मैदानाच्या मध्यभागी खुर्ची टाकून बसली. लाइनमनने थोडी कुरकुर केली. पण ज्या आईने त्याला चालायला शिकवलं, तिच्यापुढे चालवायच्या बाबतीत तो काय बोलणार? टोणगा तिच्याभोवती गोल फिरू लागला. पहिल्याच फेरीत दोरी आईला आणि खुर्चीला गुंडाळली गेली, दुसऱ्या फेरीत आई पार्सलासारखी दिसू लागली. मग सुनेने घरातून एक फिरती खुर्ची आणली. ती कचेरीतून बाद झाल्यावर साडूने मोठ्या मनाने भेट दिली होती. तिच्यात बसून आई पायाने जमीन रेटत लेकाबरोबर गोल गोल फिरू लागली. लांबून बघणाऱ्याला वाटे, सूर्यफूल आहे आणि सूर्य जरा जाड आहे.

आई दोरी ओढे ती काही पडण्याच्या भीतीनेच असं नाही. टोणग्याने जरा वेग धरला की ओढे. लेकाला घाम आलेला दिसला की ओढे. काल रात्री काहीतरी सांगायचं राहिलं ते आठवलं की ओढे. इंजिन फट्कन बंद पडे, टोणगा मातीत दोन हात घसरत थांबे आणि आई विचारी, "सोन्या, पाणी प्यायलास का?"

दोन दिवसांत सुनेलाही या दोरीची गोडी लागली. एरवी नवऱ्याला हाका मारून घसा बसायचा. आता सासूबाईंच्या हातातली दोरी घेऊन एक हिसका दिला की तो जिथल्या तिथे. कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत, गॅसवाल्याला फोन केलात का, सगळे प्रश्न त्या दोरीवरून जाऊ लागले. लग्न झाल्यापासून नवरा पहिल्यांदाच वेळेवर थांबतोय, असं ती बहिणीला फोनवर म्हणाली.

ते ऐकून बहीण नवऱ्याला घेऊन बघायला आली. साडूने मैदानाच्या कडेला उभं राहून हा सगळा प्रकार पाहिला, मग दोरी हातात घेऊन स्वतःच एकदा ओढली. टोणगा थांबला.

"साडूभाऊ, छान चाललंय," तो म्हणाला. "मी आपली माझ्या शेजारची खुर्ची पुसून ठेवलीय. टेबलाला कडेचा खण पण दिलाय तुम्हाला."

त्या रात्री लाइनमन जेवला नाही.

मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी. गाडीची निगा त्याने अशी राखली की काय सांगावं. आयुष्यात स्वतःचा कप न विसळलेला माणूस रोज टोणग्याचा चिखल धुवायचा, हवेची गाळणी काढून झटकायचा, साखळीला तेल द्यायचा, चाकातली हवा मोजायचा. जास्त हवा भरली तर गाडी चेंडूसारखी उडते, हे बायकोला तीनतीनदा सांगायचा. रोज सकाळी उभ्या गाडीवर बसून तो दोन्ही ब्रेक दाबून बघायचा. लोण्यासारखे लागायचे. इतके उत्तम राखलेले ब्रेक साऱ्या कंपनीत दुसरे नसतील.

फक्त चालत्या गाडीवर ते त्याने एकदाही दाबले नव्हते. वेळच कुठे आली होती? बोट दांड्याकडे वळायच्या आत आई गाडी थांबवत होती. आणि ही गोष्ट ना त्याच्या लक्षात आली, ना आईच्या.

परीक्षा कचेरीच्या मागच्या माळावर होती. शेवट कचेरीसमोरच्या खडीच्या अंगणात, पांढऱ्या रेघेवर गाडी थांबवून करायचा. लाइनमनने आईला परोपरीने सांगितलं, की तिथे दुसऱ्याच्या हातात दोरी चालत नाही, तू घरी राहा. आई लगेच कबूल झाली, आणि लेक गेल्यावर अर्ध्या तासाने बिल जास्त आलंय अशी तक्रार घेऊन कचेरीत हजर झाली. बिल जास्त आलेलं नव्हतं. पण तक्रार खिडकी थेट त्या अंगणात उघडत होती.

बाईंनी शिट्टी दिली. लाल दोरी लाइनमनच्या स्वतःच्या मनगटाला. टोणगा निघाला, आणि गंमत म्हणजे लाइनमनने गाडी सुरेख चालवली. चढावर पुढे झुकला, ओढ्यात हळू घातली, आडव्या उतारावर पोटासकट वरच्या अंगाला कलला. गाडी आठवडाभरात पहिल्यांदाच इतका वेळ सलग चालत होती. त्याला मधेच एक विचित्र भावना झाली. बराच वेळ तिला नाव सापडेना. मग कळलं, की मजा येतेय.

मजा अंगणाच्या फाटकापर्यंत टिकली.

समोर पांढरी रेघ दिसली आणि लाइनमन वाट बघू लागला. कशाची, ते त्यालाही कळलं नाही. रेघ जवळ आली. इंजिन चालूच. आता बंद पडेल, आता पडेल म्हणता म्हणता चाकं रेघेवरून पार झाली. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो. लाइनमननेही हँडल गच्च आवळलं, आणि त्या आवळण्यात उजवा अंगठाही आला. टोणगा हुंकारून तक्रार खिडकीच्या दिशेने सुटला.

खिडकीपुढची रांग क्षणात नाहीशी झाली. लोकांच्या तक्रारी एकाएकी मिटल्या. बाईंच्या तोंडातून शिट्टी गळून पडली आणि त्या नुसत्याच हाताने ब्रेक, ब्रेक अशा खुणा करू लागल्या. साडू टोमणा मारायला खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. तो आत जायला बघत होता, पण त्याचं पोट गजात अडकलं.

हलली नाही ती एकटी आई. ती का हलेल? सारा आठवडा हाच टोणगा तिच्यासमोर येत होता आणि थांबत होता. सवयीने तिची मूठ वळली, हात मागे गेला, आणि त्यात दोरी नाही हे लक्षात आल्यावर तिने जे होतं ते वापरलं.

"सोन्या," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "टोपीचा पट्टा लावलास का?"

आईने विचारल्यावर तपासायचं, याला पन्नाशीतही इलाज नसतो. लाइनमनचा डावा हात आपोआप हनुवटीकडे गेला. मनगटाला बांधलेली लाल दोरी ताणली, खटका निघाला, इंजिन फट्कन बंद पडलं. टोणगा खडीत खरखरत, फरफटत, साडूच्या नाकापासून वीतभरावर येऊन थांबला.

पळालेली रांग भिंतीआडून डोकावू लागली.

"लावलाय," लाइनमन म्हणाला.

बाई धावत आल्या. आधी त्यांनी तो धड आहे ना ते पाहिलं, मग विचारलं, ब्रेक का लावला नाहीत. लाइनमनने खरं काय ते सांगून टाकलं. दोरी, फिरती खुर्ची, सगळं. बाईंनी टोणग्याचा ब्रेक दाबून बघितला. मग कोरड्या आवाजात म्हणाल्या, "गाडी थांबवता येत नाही त्याला मी पास करू शकत नाही."

लाइनमनची मान खाली गेली. ती पुसून ठेवलेली खुर्ची त्याला डोळ्यांपुढे दिसू लागली. कडेच्या खणासकट.

"बाई, एक मिनिट." आवाज खिडकीतून आला. दोन शिपाई साडूला गजातून मागे ओढत होते, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. "यांची पुन्हा परीक्षा घ्या."

"नियमाने आज आणखी एकदा घेता येते," बाई म्हणाल्या. "पण तयारी नको का?"

"तयारी करून घ्या. संध्याकाळपर्यंत घ्या. मी थांबतो, अंगणाला कुलूप लावतो, कुणाला येऊ देत नाही." साडूने गज घट्ट धरला. "पण यांना पास करा. नापास झाले तर रोज माझ्या शेजारी बसतील. आणि यांचं तोंड बघितलं की मला हा टोणगाच अंगावर येताना दिसेल."

इतक्या वर्षांत साडूने लाइनमनसाठी शब्द टाकल्याची ही पहिलीच वेळ.

मग बाईंनी टोणगा माळावर नेला आणि लाइनमनकडून दुसरं काही करून घेतलंच नाही. दहा पावलं चालवा, अंगठा उचला, ब्रेक. पुन्हा. पुन्हा. पहिल्यांदा त्याने दांडा दाबला आणि गाडी त्याच्या स्वतःच्या हाताने थांबली, तेव्हा तो चकित होऊन मागे वळून बघू लागला, की ओढलं कुणी. पण हळूहळू बोटांना कळू लागलं. उन्हं उतरली तेव्हा त्याने सगळा माळ पुन्हा एकदा पार केला, फाटकातून आत आला, अंगठा उचलला, ब्रेक दाबला आणि पुढची दोन्ही चाकं पांढऱ्या रेघेवर अलगद टेकवली. खिडकी तेव्हा बंद होती. आतून कडीही लावलेली होती. बाईंनी मान डोलावली आणि लाइनमनने सोडलेला सुस्कारा पार फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आईला ऐकू गेला. माळ त्याचा झाला होता. वारा, तारा, लांबलचक दिवस, आणि आजूबाजूला मैलभर एकही साडू नाही.

घरी जाताना आई त्याच्याबरोबर पायी चालत होती. मग तिने विचारलं, शेवटी गाडी थांबली ती कशाने? मी तर हाकही मारली नव्हती.

लाइनमनने सांगितलं, की हँडलला एक दांडा असतो, तो दाबला की गाडी थांबते. त्याला ब्रेक म्हणतात.

"तो दांडा?" आई थांबलीच. "मला वाटलं, तो पिशवी अडकवायला आहे." तिने लेकाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "गाडीला ब्रेक होता, तर मेल्या, मला आठवडाभर उन्हात कशाला बसवलंस?"