नंदाताईंची भांडणं

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो, तर शेजारच्या नंदाताईंनी तिळगुळासकट माझं मनगट धरलं, घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, जिना जरा हळू चढत जावा."

बारामतीच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागात त्या बावीस वर्षं नर्स आहेत. लग्नाच्या पंगतीतही त्या माणसांचे चेहरे बघत नाहीत, नखांचा रंग बघतात. सुट्टीच्या दिवशी दाराशी मंडई असताना एसटीनं लांबलांबच्या आठवडी बाजारांना जातात. आम्ही ते त्यांचं खूळ म्हणून सोडून दिलं होतं.

पण त्यांची खरी ख्याती म्हणजे बेशुद्ध पेशंटशी भांडणं. गोड बोलायला नातेवाईक असतात, असं त्यांचं म्हणणं. त्या घरच्यांना पहिल्याच दिवशी विचारतात, "हे घरी कशावरनं चिडतात?" एक आजी रडता रडता थांबल्या आणि अर्धा तास यादी सांगत बसल्या.

गेल्या वर्षी माझे वरकुट्याचे मामा न्यूमोनिया होऊन तिथंच पोचले. श्वासाच्या मशीनवर होते. छाती सुधारली, झोपेचं औषध थांबवलं, पण मामा डोळे उघडेनात. ते जागे झाल्याशिवाय घशातली नळी काढता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवस गेले. मामी बाहेरच्या बाकावरून उठेना.

नंदाताईंनी मला तोच प्रश्न विचारला. मी मान खाली घालून कबूल केलं, की मामा माझ्यावरूनच चिडतात. एकदा हौसेनं मी त्यांच्या पेरूच्या बागेची छाटणी केली होती आणि नेमक्या फळाच्या फांद्या उडवल्या होत्या. मामा अजून पाहुण्यांना ती झाडं दाखवतात.

त्या मला आत घेऊन गेल्या आणि मामांच्या कानाशी वाकल्या. "मामा, भाचा कात्री घेऊन बागेकडं निघालाय. थांबवायचा असंल तर डोळं उघडा."

मामांच्या कपाळाला आठी पडली. मग एक डोळा उघडला, आणि तो माझ्यावरच रोखलेला होता. कुणी इतक्या रागानं बघावं आणि आपल्याला आनंदानं रडू फुटावं, हे मला नवीनच होतं. दुसऱ्या दिवशी नळी निघाली.

सगळ्यांचं असं होत नाही. कधी त्यांच्या भांडणाला उत्तरच येत नाही. त्या दिवशी नंदाताई आमच्याकडं येतात, बायकोपुढची मेथी ओढून घेतात आणि निवडत बसतात.

परवा निमगाव केतकीच्या बाजारात मामा पेरू विकत होते, मी पिशव्या धरायला. समोर नंदाताई. मामांनी ओळखलं नाही. ओळखणार कसे? त्यांनी पाहिला असेल तो मास्क, तोही गुंगीत. मी तोंड उघडणार, तोच ताईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि एक पेरू अंगठ्यानं दाबला. मग दुसरा. मग तिसरा.

"ओ बाई, दाबून बगू नगा. आत्ता झाडावरनं उतरवलाय त्यो, तुमच्या बोटाचा डाग पडल्यावर कोण घील? घ्यायचा आसंल तर घ्या, न्हायतर फुडं व्हा," इथून सुरू झालेले मामा थेट आजकालच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचले. नंदाताई चौथा पेरू दाबत उभ्या होत्या, नजर मनगटावरच्या घड्याळावर.

दाबलेले सगळे पेरू विकत घेऊन त्या निघाल्या. मी मागं धावलो. म्हटलं, सांगू द्या की मामांना, तुम्ही कोण ते.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. मला ओळखलं की माणसाला ती खाट आठवती." दोन पावलं जाऊन त्या थांबल्या. "येवढं बोलले, पण मधी दम लागला न्हाय. बघितलं का?"

आणि दाबलेल्यातलाच एक पेरू पदराला पुसून खात, त्या एसटीकडं गेल्या.