पाहुण्यांचे संगणक

वस्तू जितकी मोलाची, तितकी ती न वापरण्यातच माणसाची संस्कृती दिसते. आमच्या किरगीझ घरांत चांगली खोली, जाड गोधड्या आणि जर्दाळूचा मुरंबा पाहुण्यांसाठी राखलेला असतो. घरचे लोक स्वयंपाकघरात दाटीवाटीने सुखी असतात. नारीनच्या डोंगरातल्या आमच्या शाळेला विज्ञान शिकवण्यासाठी बारा संगणक मिळाले, तेव्हा त्यांच्यावरही नक्षीदार आच्छादनं चढली आणि खोलीला तीन कुलुपं लागली. किल्लीसमितीत तिघं : हेडमास्तर शेरगाझी, विज्ञानाच्या बुरमाके एजे (एजे म्हणजे आमच्याकडे ताई) आणि भूगोलाचा मी.

नऊ वर्षांत खोली सात वेळा उघडली. सातही वेळा तपासणीचे पाहुणे आले, बूट बाहेर काढून आत बसले, संगणकांच्या सान्निध्यात मटण जेवले आणि समाधान नोंदवून गेले. (एकदा एक संगणक चालू झाला होता. त्याची चौकशी झाली.) मुलांचं नुकसान नको म्हणून वर्गात माउसऐवजी साबणाची वडी देण्यात आली. वडी सरकवण्यात आमची शाळा जिल्ह्यात पहिली असावी.

यंदा नववीतली नुरझात राजधानीतल्या विज्ञान शाळेच्या प्रवेशपरीक्षेला बसणार होती. परीक्षा संगणकावर. तिने एक तास सराव मागितला.

"अगं, पुढच्या आठवड्यात तपासणीची कमिटी येतेय," शेरगाझी म्हणाले. "तुझी बोटं उमटली तर?"

"हात धुऊन येते, सर."

"धुतलेले हात ओले असतात."

"पुसून येईन."

"कशाला? आच्छादनाला?"

बुरमाके एजे उसळल्या. "अहो, त्या पाहुण्यांना तरी कुठे चालवता येतात ते!"

"म्हणून तर टिकलेत!"

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तिसरी किल्ली माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "कमिटी येऊन जाऊ दे, मग बघू." कमिटी परीक्षेनंतर दोन दिवसांनी येणार होती, हे मला ठाऊक होतं.

परीक्षेत साठ मिनिटांपैकी अडतीस मिनिटं पडद्यावरचा बाण नुरझातचं ऐकेना. चाळीसपैकी अकरा प्रश्न सोडवून झाले. अकराही बरोबर आले. प्रवेश मिळाला नाही. परतताना ती गाडीत माझ्या शेजारी मांडीवर बोटं सरकवत बसली होती. मला ते बघवेना.

कमिटीने शेरा दिला : "संगणक नव्यासारखे. अनुकरणीय." त्याच दिवशी बुरमाके एजेंनी आपली किल्ली टेबलावर ठेवली आणि समिती सोडली.

आमच्यावर हसायला हरकत नाही. फक्त आधी घरातल्या काचेच्या कपाटातला तो चांगला कपांचा संच काढा आणि आजचा चहा आपल्या मुलीला त्यातून द्या. पाहुणे कुणी नसताना.

नाही होत ना? मग या. समितीत एक जागा रिकामी आहे.