धाकट्या जावयांचा हात

फोटो स्टुडिओतले भाऊ माउस वापरायचे तो फक्त ब्रश फिरवायला. बाकी सगळी कामं डाव्या हाताच्या बोटांनी, कीबोर्डवर, आणि तीही स्क्रीनकडे न बघता, समोरच्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारत. मेनू उघडून, बटण शोधून काम करणारी माणसं भाऊंच्या लेखी शिकाऊ होती. स्वतः त्यांनी गेल्या दहा वर्षांत मेनू उघडला नव्हता.

"फोटो छान आलाय," थोरल्या ताई म्हणाल्या. "एक माणूस तेवढा काढा."

"कुठला?"

"हा, कडेला कोटात उभा आहे तो. आमच्या धाकटीचा नवरा."

फोटो ताईंच्या आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी आधीच घरी काढलेला होता. संध्याकाळी कार्यक्रम, पाचला फ्रेमवाला दुकान बंद करणार, आणि आत्ता वाजले होते साडेतीन.

"धाकट्या बहिणीला काय सांगणार, मॅडम?"

"मावला नाही म्हणून सांगेन. अपमान केलाय त्याने माझा. काय केला ते विचारू नका."

भाऊंनी विचारलं नाही. "काही अवघड नाही. मास्क लावला, की काळा ब्रश फिरवायचा, माणूस झाकला जातो, हलका फिरवला तर आरपार दिसतो. पांढरा फिरवला की परत येतो. एक्स दाबलं की काळ्याचा पांढरा, पुन्हा दाबलं की पांढऱ्याचा काळा. मागे रिकाम्या भिंतीचा फोटो ठेवलाच आहे."

"परत आणायची गरज नाही त्याला. आणि आधी खाली मराठीत एक ओळ घाला."

भाऊंनी कीबोर्ड मराठीवर घेतला, 'पन्नास वर्षांची साथ' अशी ओळ टाइप केली, ताईंनी ती तीनदा वाचली, आणि भाऊ जावयांकडे वळले.

जावई झरझर गेले. कोट गेला, टाय गेला, तोंड गेलं. फक्त एक अडचण होती. जावयांनी आपला हात सासऱ्यांच्या खांद्यावर ठेवला होता, आणि तो काढता काढता सासऱ्यांचा कान गेला.

"बाबांचा कान," ताई म्हणाल्या.

"आत्ता आणतो." भाऊंनी एक्स दाबलं आणि ताईंकडे बघत, सवयीने, सफाईने ब्रश फिरवला. "तुमच्या वडिलांचं वय काय हो?"

"अठ्ठ्याहत्तर. भाऊ, बाबांचा गाल."

भाऊंनी स्क्रीनकडे पाहिलं. कान आला नव्हताच, गालही गेला होता. त्यांनी पुन्हा एक्स दाबलं आणि जरा जोरात ब्रश फिरवला. नाक गेलं. मग केलेलं उलटवायची बटणं दाबली, एकदा हळू, एकदा रागाने. उलटलं काहीच नाही.

आता रंग बदलायचा छोटासा बाण बाजूच्या पट्टीत होता. तो माउसने दाबला असता तर काम झालं असतं. पण गिऱ्हाइकासमोर बाण दाबायचा म्हणजे दहा वर्षांच्या इभ्रतीचा प्रश्न होता. भाऊंनी जीव मुठीत धरून आणखी चार बटणं दाबली. त्यातलं एक टॅब होतं, ते मात्र नेमकं चाललं आणि स्क्रीनवरच्या सगळ्या पट्ट्या बाणासकट गायब झाल्या. उरला फक्त फोटो. आई हसत होती. शेजारी बाबांचा सदरा बसला होता आणि खांद्यावर एक हात होता.

"पन्नास वर्षांची साथ," ताईंनी खालची ओळ वाचली. "भाऊ, आईला मी काय दाखवू?"

"कीबोर्ड गेला. माणूस बोलावतो."

ताई फ्रेमवाल्याला थोडं थांबवायला गेल्या आणि भाऊंनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो दरवेळी येई, तडक टेबलाखाली शिरे आणि काम झालं की घाईघाईने निघून जाई. चार वर्षांत भाऊंना त्याची पाठ पाठ झाली होती. चेहरा असा नीट पाहिलाच नव्हता.

तो आला तसा भाऊंनी त्याला खालची वायर दाखवली. तो खाली शिरला आणि ताई परत आल्या.

"फ्रेमवाला सव्वापाचपर्यंत थांबतोय," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "आला का तुमचा माणूस?"

"आलाय. खाली आहे."

टेबलाखालची खुडबुड एकदम थांबली.

"या लोकांपासून जपून राहा, सांगते. आमचे जावई हेच काम करतात. माझा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून बोलावलं, तर तेरा माणसांसमोर काय म्हणाला माहितीये? बिघाड काहीच नाही, ताईंनी भिंतीवरचं बटणच चालू केलं नव्हतं."

"केलं नव्हतं का?"

"तो प्रश्नच नाहीये. चारचौघांत बोलायचं असतं का? मोठा बिघाड होता, काढला, म्हणालं तर जीभ झिजते का?"

भाऊंनी टेबलाखाली वाकून पाहिलं. "अरे बाबा, सापडलं का काही?"

"नाही," खालून अगदी बारीक आवाज आला. "अजून बराच वेळ लागेल."

"वेळ नाहीये. वर ये, स्क्रीन बघ."

नाइलाज झाल्यासारखा तो पाठमोराच बाहेर आला, स्क्रीनकडे तोंड करून उभा राहिला आणि सासऱ्यांच्या सदऱ्यावरच्या हाताकडे बघत राहिला.

"हे घड्याळ माझं आहे," तो म्हणाला.

भाऊंनी त्याचं मनगट पाहिलं, फोटोतलं मनगट पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा पाहिला. कोट नव्हता, केसांत जळमटं होती, पण माणूस तोच होता.

"बसा ना ताई, उठू नका," जावई म्हणाले.

ताई उठल्या नव्हत्याच.

जावयांनी टॅब दाबलं, पट्ट्या परत आल्या. मग स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात नजर टाकली आणि दोन बटणं दाबली. "आता एक्स दाबा, भाऊ."

भाऊंनी दाबलं. काळ्याचा पांढरा झाला. ब्रश फिरला तसं बाबांचं नाक आलं, गाल आला, कान आला.

"काय झालं होतं रे?"

जावयांनी ताईंकडे पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "मोठा बिघाड होता, भाऊ. कुणाच्याच लक्षात आला नसता."

भाऊंनी समाधानाने मान हलवली. पण ताई एव्हाना खुर्चीतून उठून स्क्रीनवर वाकल्या होत्या.

"कसला बिघाड? इथे कोपऱ्यात मघाशी मराठी होतं, आता इंग्रजी दिसतंय. म्हणजे ओळ टाइप केल्यावर भाऊच बदलायचं विसरले. एवढंच ना?"

दारात पासपोर्ट फोटोसाठी थांबलेली दोन माणसं भाऊंकडे बघू लागली. भाऊंचे कान लाल झाले.

"ताई," जावई हळूच म्हणाले, "असं चारचौघांत बोलू नये."

ताईंनी पदर सारखा केला आणि पर्स उचलली.

"राहू दे याला फोटोत," त्या जाता जाता म्हणाल्या. "पूर्ण राहू दे. कोटासकट."

सव्वापाचला फोटो फ्रेमवाल्याकडे पोचला. आई हसत होती, बाबा दोन्ही कानांसकट शेजारी होते आणि जावयांचा हात आता जावयांना जोडलेला होता. थोरल्या ताईही आपल्या जागी होत्या. फक्त नीट निरखून पाहिलं तर त्यांच्यातून मागची भिंत किंचित दिसत होती. कुणी विचारलंच, तर भाऊ सांगणार होते की कीबोर्डात मोठा बिघाड होता.