यज्ञेश्वरमामांचे डोके

त्या रविवारी प्रभाला एका तुळतुळीत डोक्याची नितांत गरज होती, आणि अख्ख्या सोलापुरात तिच्या हाती लागेल असे डोके एकच होते.

तशी हजामत केलेली, मागे शेंडी राखलेली डोकी शहरात कमी नव्हती. पण नर्सिंग शिकणाऱ्या भाचीपुढे पाटावर बसून "बांध बाई, काय बांधायचं ते" असे म्हणणारे डोके फक्त यज्ञेश्वरमामांचे होते. सोमवारी प्रभाची प्रात्यक्षिकाची परीक्षा होती. इस्पितळात मुली एकमेकींच्या डोक्यांवर पट्ट्या बांधून सराव करत. पण बायकांच्या डोक्याला केस असतात, मागे अंबाडा असतो, आणि त्याच्या आधाराने कसलीही पट्टी मुकाट्याने बसते. गेल्या वर्षी पुण्याहून आलेल्या परीक्षक बाईंनी मुलींसमोर एक सफाचट डोके आणून बसवले. एकीची पट्टी त्या माणसाच्या भुवयांवर उतरली, दुसरीची नाकावर. दोघीही नापास झाल्या.

प्रभाला नापास होऊन चालणार नव्हते. तिचा नवरा गेल्यावर बार्शीच्या दिरांनी तिला शिकायला मोठ्या नाखुशीनेच सोडले होते. "एकदा बसू द्या परीक्षेला. नाही जमलं, तर मुकाट्यानं परत आमच्या चुलीपुढं," असे ते म्हणाले होते, आणि मामांनी तसा शब्द दिला होता. मामांचा तिच्यावर जीव होता. दुखवट्यात न्हावी दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मामा उंबऱ्यात आडवे झाले होते. "वस्तऱ्याला या घरात माझं एक डोकं पुरेसं आहे," असे म्हणून त्यांनी त्याला परत पाठवले होते. त्यामुळे तिच्या परीक्षेसाठी तेच डोके उपयोगी पडावे, हे त्यांना रीतसरच वाटले.

अडचण एवढीच होती, की त्याच रविवारी वेणीमाधवपंतांकडे सत्यनारायण होता. मामा गिरणीच्या कचेरीत कारकून, आणि पंत तिथले हेडक्लार्क. पंतांच्या घरची पूजा म्हणजे कचेरीच्या हजेरीपेक्षा कडक. मामांनी सकाळीच धुळा शिपायाबरोबर निरोप धाडला, "डोकं फार दुखतंय, येणं होत नाही."

"सत्यनारायणाला खोटं सांगून टाळताय," मामी म्हणाल्या. "देव बघतोय हो."

"देव बघू दे. हेडक्लार्क बघत नाहीत ना, झालं तर मग!"

प्रभाने उजेडासाठी मामांना ओसरीवर बसवले. ही पट्टी दोन गुंडाळ्यांची असते. एक कपाळाभोवती फिरत राहते, दुसरी डोक्यावरून पुढे-मागे येरझाऱ्या घालते, आणि शेवटी डोक्यावर घट्ट टोपी तयार होते. चैत्राचे ऊन तापू लागले होते. पहिली टोपी पुरी होण्याआधीच मामांच्या भुवयांवर येऊन टेकली.

"मामा, हलू नका हो."

"मी कुठं हललो? घाम हलला!"

दुसरी टोपी मात्र जागेवर राहिली. ती बरोबर आहे का हे पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहायला प्रभा आत गेली. इकडे मामांनी भिंतीला पाठ टेकली. उन्हाची तिरीप, डोक्याला बसलेला गच्च आवळ आणि कधी नव्हे ती रविवारची निवांत सकाळ. त्यांचा डोळा लागला.

तेवढ्यात दूधवाली बजाबाई आली. डोके बांधलेले, डोळे मिटलेले, तोंड उघडे असे मामा पाहून तिच्या हातातली चरवी डचमळली.

"आवं मामी! मामास्नी काय झालं वो? डोस्कं फुटलं जनू!"

मामी धावत बाहेर आल्या. त्यांना खोटे बोलता येत नसे. "अगं, तसं काही नाही. आज पंतांकडं सत्यनारायण आहे, आणि हे गेले नाहीत..." एवढे बोलून आपल्याच वाक्याची त्यांना भीती वाटली. त्या थांबल्या आणि त्यांनी हात जोडले.

पुढचे बजाबाईने आपल्या मनाने जुळवले. "म्हंजी देवाला न्हाय म्हनलं, आन् देवानं लगीच दावलं! लई कडक हाय बया त्यो!" आणि ती तरातरा निघाली. तिचा पुढचा रतीब वेणीमाधवपंतांकडेच होता. पंचामृताचे दूध तीच घालत होती.

पूजा आटोपताच माणसे समाचाराला येऊ लागली. पुढे होता पंतांचा पुतण्या रामहरी. त्याच्या कानावर पडलेले पंतांच्या कानी जायला वाटेत कुठेही अडत नसे. त्या वेळी प्रभा नुकतीच पट्टी सोडून पुन्हा सुरुवात करत होती.

"प्रभे, रामहरी! बांध, बांध लवकर!"

तो पायऱ्यांशी चपला काढून पायांवर पाणी घेत होता तेवढ्यात प्रभाने कसेबसे वेढे पुरे केले. रामहरीने खाली बसून विचारले, "कसं हो झालं?"

"काय सांगू आता," मामा म्हणाले.

"एकदम कोसळलात म्हणे?"

मामांनी डोळे मिटले. ते खोटे असे काहीच बोलले नाहीत. त्यांनी नुसती वाक्ये सुरू केली, पुरी लोकांनी केली. रामहरी गेला तेव्हा मामा देवघरासमोरून जाताना पडले होते, आणि पडताना शंखाचा आवाज आला होता.

यानंतर दिवसभर तसेच चालले. घामाने डोके खाजले की मामा "सोड बाई" म्हणत. प्रभा पट्टी सोडून पुन्हा बांधायला घेई, आणि बोळाच्या तोंडाशी खाकरण्याचा आवाज आला की "बांध!" असा हुकूम होई. पाहुणा पाय धुवायच्या आत टोपी पुरी झाली पाहिजे. या घाईतच प्रभाला एक गोष्ट उमगली. कवटीच्या मागे खाली जो उंचवटा असतो, त्याच्या खालून पहिला वेढा घेतला, तर मग घाम येवो की माणूस मान हलवो, पट्टी जागची सरकत नाही. पुस्तकात ते छापलेले होते. पण पुस्तकाला समाचाराला माणसे येत नसत.

दुपारी शेजारच्या विणकरांच्या घरातली सावित्रम्मा आली. तिच्या हातात वाटी होती, वाटीत हळद-चुन्याचा लेप.

"पट्टी सोड गं. मी लावते."

प्रभाने पट्टीवर हात ठेवला. पट्टी सोडली तर आत नुसते डोके! "सावित्रम्मा, ही दवाखान्याची पट्टी आहे. ती सोडायची नसते."

"अय्यो, मग वरून लावते की! औषध उतरतं आत," असे म्हणून तिने मामांच्या कपाळावर, डाव्या बाजूला, लेप चांगला थापला.

हळद चुन्याशी मिळाली की लालभडक होते. ती कशाने होते हे प्रभाला माहीत होते, पण त्या माहितीचा या घटकेला काडीचा उपयोग नव्हता. पट्टीवर आता ठसठशीत लाल डाग पडला होता, आणि बोळाच्या तोंडावरून तो स्पष्ट दिसत होता.

आता काम आणखी अवघड झाले. पट्टी नुसती बांधून भागेना. दर वेळी डाग कपाळावर, डावीकडेच यायला हवा होता. त्यासाठी प्रत्येक वेढा पहिल्याइतकाच ताणायचा, पहिल्याइतकाच चढवायचा. एकदा घाईत डाग उजवीकडे गेला, आणि बजाबाई नेमकी संध्याकाळचे दूध घेऊन आली.

"आवं, सकाळी डोस्कं पांढरं व्हतं. दुपारी धुळा म्हनला डाव्या अंगाला रगात हाय. आन् आता उजव्या अंगाला?"

"पसरतंय," मामा क्षीण आवाजात म्हणाले.

दिवेलागणीला खुद्द वेणीमाधवपंत आले. हातात द्रोणात शिरा, अंगावर पूजेचा मुकटा. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, आणि काळजीच्या खाली थोडा अभिमानही होता. आपल्या घरचा सत्यनारायण इतका जागृत असेल याची त्यांनाही कल्पना नव्हती.

"यज्ञेश्वरराव, असं करू नये हो," त्यांनी मामांच्या हातावर शिरा ठेवला. "प्रसाद टाळणाऱ्यांचं काय होतं ते मी सकाळीच वाचत होतो. अन् तुम्ही इथं प्रत्यक्ष! घ्या, आधी हे खा."

मामांनी खाल्ले. शिरा उत्तम होता, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, ते पंतांना पश्चात्तापाचे वाटले.

पंतांची नजर मग प्रभाकडे गेली. "ही पट्टी हिनं बांधली? हं. बायकांनी चिंध्या गुंडाळून कुठं डोकी बरी होतात? मी सांगतो, परीक्षा-बिरीक्षा पुरे. पोरीला बार्शीला धाडा, सुखी राहील." प्रभा खाली पाहत गुंडाळी वळत राहिली. "आणि हो, उद्या सकाळी मी टांगा घेऊन येतो. रक्त थांबत नाही म्हणजे इस्पितळात दाखवलंच पाहिजे."

पंत गेल्यावर मामी म्हणाल्या, "सांगून टाका खरं."

"आता?" मामा म्हणाले. "त्यांच्या हातचा शिरा खाऊन?"

सकाळी परीक्षेला निघण्याआधी प्रभाने मामांचे डोके शेवटचे बांधून दिले. डाग डावीकडे. "टांगा आला की सोडून टाका, आणि बरं वाटतंय म्हणा," ती बजावून गेली.

मामांनी तसा प्रयत्न केलाही. टांग्यात बसता बसता ते पट्टीला हात घालू लागले. पण पंतांनी त्यांचा हात धरला. "सोडू नका! मेंदू उघडा पडेल!"

इकडे इस्पितळात निराळाच घोळ झाला होता. परीक्षेसाठी वॉर्डातला एक पुजारी ठरवून ठेवला होता, डोके अगदी हवे तसे. पण मुलींच्या हातून डोके बांधून घ्यायचे आहे असे कळताच तो आपले गाठोडे घेऊन पहाटेच निघून गेला. पुण्याच्या परीक्षक पद्मजाबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. बारीक अंगाच्या, चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. दुसरे असे डोके कुठून आणायचे याचा त्या विचार करत होत्या, आणि समोर टांगा थांबला.

टांग्यातून आधी वेणीमाधवपंत उतरले. मग त्यांनी हात देऊन पट्टीखालून शेंडी डोकावणारे एक डोके उतरवले.

"वा," पद्मजाबाई म्हणाल्या. "खरा रुग्णच आला. आत घ्या. प्रभा, तुमचा नंबर. पट्टी सोडा, जखम पाहा, काय दिसतं ते सांगा, आणि नवी बांधा."

प्रभाने मामांकडे पाहिले. मामांनी छताकडे पाहिले.

तिने पट्टी सोडायला सुरुवात केली. एकेक वेढा उलगडत होता, आणि प्रभाच्या मनात बार्शीची चूल जवळ येत होती. जखम आहे म्हणावे, तर परीक्षकांना डोळे होते. नाही म्हणावे, तर मामांचे खोटे हेडक्लार्कसमोर उघडे पडणार. पंत स्टुलाशेजारीच उभे होते. शेवटचा वेढा निघाला. खाली मामांचे डोके कोरे करकरीत, चैत्रातल्या सूर्यासारखे चकाकत होते.

"काय दिसतं?" पद्मजाबाईंनी विचारले.

नर्सने दिसेल ते सांगायचे असते. प्रभाने बोटांनी चाचपून पाहिले आणि म्हणाली, "जखम नाही. सूज नाही. कातडी कोरडी आहे."

मामांनी डोळे मिटले आणि मनात नोकरीचा राजीनामा लिहायला घेतला.

"हरी हरी!" वेणीमाधवपंतांचा आवाज फुटला. त्यांनी दोन्ही हात वर केले होते. "बुजली! काल दिवेलागणीला प्रसाद खाल्ला, अन् सकाळी व्रणसुद्धा नाही! अहो, मी या डोळ्यांनी रक्त पाहिलंय!" आणि परीक्षकांसमोर, मुलींसमोर, त्यांनी यज्ञेश्वरमामांच्या डोक्याला नमस्कार केला.

पद्मजाबाईंनी सोडलेली पट्टी हातात घेतली. लाल डाग नाकाशी नेला. त्यांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "जखम नसली तरी परीक्षा आहे," त्या म्हणाल्या. "बांधा."

प्रभाच्या हातांनी तिला विचारलेसुद्धा नाही. उंचवट्याखालून पहिला वेढा, मग येरझाऱ्या, मग गाठ. पंतांचा नमस्कार पुरा होऊन त्यांनी डोके वर उचलले, तोवर मामांच्या डोक्यावर नवी टोपी तयार होती. पद्मजाबाईंनी ती ओढून पाहिली. मामांना मान हलवायला सांगितली. मामांनी अंगात आल्यासारखी मान घुमवली. टोपी तसूभरही हलली नाही.

पंत ही बातमी टांगेवाल्याला सांगायला बाहेर धावले, तेव्हा पद्मजाबाईंनी हळूच विचारले, "ती आधीची पट्टी कोणी बांधली होती?"

"मी."

"यांच्या डोक्याला काय झालं होतं?"

"काही नाही, बाई," प्रभा म्हणाली. "माझी परीक्षा होती."

पद्मजाबाईंनी चष्मा काढला, आणि तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

प्रभा पास झाली. बार्शीला तसे पत्र गेले. मामांना मात्र जन्मठेप झाली. पंतांच्या घरच्या प्रत्येक सत्यनारायणाला त्यांना चौरंगाशेजारी बसावे लागे. कथेचे पाच अध्याय संपले, की पंत स्वतः सहावा सांगत, आणि शेवटी म्हणत, "दाखवा, यज्ञेश्वरराव." मामा टोपी काढत. मंडळी वाकून पाहत. व्रण कुठेच नसे, आणि तोच पुरावा.

श्रावणातल्या पूजेला असाच सहावा अध्याय रंगात आला होता. डोके सर्वांना दिसावे म्हणून पंत मागे सरकले. त्यांचा पाय केळीच्या पानावर पडला, आणि ते मागच्या मागे चौरंगाच्या कोपऱ्यावर आदळले. या वेळी हळद नव्हती, चुनाही नव्हता. खरेच रक्त होते.

बायका ओरडल्या. बजाबाईने शिऱ्याचे पातेलेच उचलून आणले. "खावा पंत, ह्यो खावा! आत्ता बुजंल!"

"बाजूला हो गं!" पंत डोके दाबून किंचाळले. "यज्ञेश्वरराव, तुमची प्रभा कुठाय? बोलवा तिला, लवकर!"

प्रभा मागेच, मामीशेजारी बसली होती. ती उठली, हात धुतले, जखम स्वच्छ केली आणि मागच्या उंचवट्याखालून पहिला वेढा घेतला. पंतांचे डोकेही अगदी तुळतुळीत होते.

"पंत, प्रसाद?" मामांनी द्रोण पुढे करून अदबीने विचारले.

"थांबा हो," पंत डोळे मिटून म्हणाले. "आधी तिची गाठ पुरी होऊ द्या."